पितळी पेला आणि स्ट्रॉबेरीचा वास

मार्च आला की मला मळमळतं.

ही काही लाडाची मळमळ नाही. मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आणि जेवताना सांगू नये असं आणखी बरंच काही दिवसभर माझ्या हाताखालून जातं, आणि दुपारी एक वाजता मी त्याच इमारतीत मजेत डबा खाते. लॅबमधल्या पोरी म्हणतात, "मॅडमला ना घाण वाटतच नाय कशाची." वाटते की. पण बाटलीत भरून वर लेबल लावता येतं अशा कशाची वाटत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचा दहावीचा पहिला पेपर होता. तिच्या आईला रजा मिळाली नाही म्हणून मी तिला केंद्रावर सोडायला गेले. फाटकाबाहेर नेहमीची जत्रा. कुणी पोराच्या तोंडात दहीसाखर कोंबतंय, कुणी हॉलतिकीट तिसऱ्यांदा तपासतंय, एक बाप मुलीला शेवटच्या क्षणी निबंधाचे मुद्दे सांगतोय आणि मुलगी त्याच्याकडे न बघता मैत्रिणीला हात करतेय. माझ्या शेजारच्या बाईनं पर्समधून एक छोटी गुलाबी बाटली काढली आणि मुलीच्या तळहातावर पिचकारी मारली. "चोळ नीट. बेंचवर कोण कोण बसून गेलं असेल देव जाणे."

स्ट्रॉबेरीचा वास आला. खऱ्या स्ट्रॉबेरीला येत नाही इतका गोड, आणि त्याच्या मागून इस्पितळाचा. मी रस्त्याच्या कडेच्या उसाच्या गाडीचा दांडा धरला. रसवाला म्हणाला, "ताई, ऊन लागलं काय? बसा जरा."

ऊन लागलं नव्हतं. नऊ दिवसांचा एक जुना मार्च लागला होता.

*

तेव्हा मी स्वतः दहावीला होते. आमचं घर विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. स्टेशनाला विठ्ठलाचं नाव, गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार आणि गल्लीच्या शेवटी पत्र्याच्या छपराचं आमचं प्रार्थना मंदिर, त्याच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. लोक आम्हाला 'मिशनवाले' म्हणत. मिशनरी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झगा घातलेला गोरा माणूस येतो. माझे पपा सावळे, टक्कल पडलेले, खिळखिळ्या स्कूटरवरून फिरणारे, नगरकडचे. तिकडून मिशननं त्यांना कल्याणला पाठवलं आणि ते इथलेच झाले. मंडळी म्हणजे वीसेक घरं. उल्हासनगरच्या कारखान्यांत जीन्स शिवणारे, दोन नर्सबाई, एक वॉचमन, रोजंदारीसाठी नाक्यावर उभे राहणारे काही. आमच्या मागचा नाला रोज रंग बदलायचा, आणि आज कुठल्या रंगाच्या पँटी शिवल्या जातायत ते आम्हाला घरबसल्या कळायचं.

पपा मंडळीचे पाळक, म्हणून आईला सगळे पाळकीणबाई म्हणत. ती पेटी वाजवायची, आजाऱ्यांकडे जायची, कुणाच्या घरी बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू पोचवायची. आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा, म्हणजे मंदिरात सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीचा, रस करायची. विकतचा द्राक्षरस आम्हाला कधी परवडला नाही आणि आवडलाही नाही. शनिवारी ती काळ्या मनुका भिजत घालायची, रविवारी पहाटे उकळून, हातानं कुस्करून, मलमलीतून गाळायची. घरभर वास पसरायचा. गाळून उरलेला चोथा ती माझ्या तोंडात घालायची, बोटांनीच. माझी भक्ती त्या चोथ्यापासून सुरू होते हे पपांना सांगायची मला कधी हिंमत झाली नाही.

तो रस एका पितळी पेल्यात भरत. पेला एकच. भाकरीचे तुकडे वाटून झाले की पेला पुरुषांकडून बायकांकडे असा हातोहात फिरायचा. मंडळीत जो सर्वांत नवा त्याला पहिला घोट, पाळकाच्या घरच्यांना शेवटी. बायकांच्या ओळीत शेवटची आई, तिच्यानंतर मी, माझ्यानंतर पपा. प्यालेला माणूस पांढऱ्या रुमालानं कड पुसायचा, पेला जरासा फिरवायचा आणि दोन्ही हातांनी पुढच्याला द्यायचा. माझं दृढीकरण, म्हणजे पेल्याचा हक्क मिळण्याचा विधी, त्याच वर्षी जानेवारीत झालं होतं. म्हणजे आईच्या हातून पेला घेऊन मला फक्त दोन महिने झाले होते.

पेल्यामागे एक गोष्ट होती. पणजोबांना त्यांच्या गावात पाणी हवं असलं की खाली बसून ओंजळ धरावी लागे, आणि देणारा वरून धार सोडी. भांडं ओठांना लागता कामा नये, आणि धारेच्या मधे सावलीही येता कामा नये. एका उन्हाळ्यात एक पायी फिरणारा पाद्री त्यांच्या झोपडीशी आला आणि त्यानं पाणी मागितलं. पणजोबा म्हणाले, "साहेब, मी कोण हाये ते ठावं हाय का?" पाद्र्यानं घडवंचीवरचा त्यांचा पेला उचलला, माठात बुडवला, अर्धा प्यायला आणि उरलेला त्यांच्यापुढे धरला. त्यानंतर त्यानं काय उपदेश केला ते पणजोबांना शेवटपर्यंत आठवलं नाही. आठवला तो फक्त पेला.

"हाच तो," असं पपा दरवर्षी सांगत. शेजारच्या प्रज्ञाआत्यांना ते पटत नसे. आत्या टेलिफोन खात्यात होत्या, पक्क्या बौद्ध, रोज संध्याकाळी विहारात जाणाऱ्या, आणि जिभेला हाड नसलेल्या. "हाच कशावरून? भांडीवाल्याकडे असे छप्पन मिळतात," म्हणायच्या. पण कल्याणच्या बाजारात पेल्याला कल्हई लावून आणायला आईसोबत दरवर्षी त्याच जायच्या. भात्याची फसफस, नवसागराचा धूर, आणि काळ्या पेल्याच्या पोटात एकदम चांदी उतरलेली. आत्या पेला उन्हात धरून आत बघायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तहान तुमची नि आमची एकच. आम्ही फक्त दुसऱ्या वाटेनं पाण्याकडे गेलो."

*

अमेरिकेतल्या एका चर्चचा तरुण संघ आमच्याकडे येणार, असं पत्र फेब्रुवारीत आलं. अकरा मुलंमुली आणि दोन मोठी माणसं, नऊ दिवस, मार्चमध्ये, कारण तेव्हा त्यांना सुट्टी असते. माझा भूमितीचा पेपर त्या नऊ दिवसांना लागूनच होता. पपा म्हणाले, "सुवार्ता, दुभाषी तूच." माझं नाव सुवार्ता. इंग्रजी शाळेत घातलेली मंडळीतली मी एकटीच होते.

आईनं घर घासायला घेतलं. दोन खोल्या, मंदिर, संडास, गल्लीचा आमच्यासमोरचा तुकडा. कल्याण पूर्वेला तेव्हा पाणी एकाआड एक दिवस यायचं. ती पहाटे ड्रम भरायची, त्यातलं पातेल्यांमध्ये ओतून उकळायची, गाळून पुन्हा उकळायची. संडेस्कूलच्या सगळ्या पोरांची नखं तिनं ओळीत बसवून कापली. स्वतःच्या नखांतली हळद लिंबानं घासली, तरी ती निघाली नाही. तीस वर्षांची हळद होती ती. पेल्याची कल्हईही त्या वर्षी लवकर झाली.

पाहुण्यांची बस शीळफाट्याला अडीच तास अडकली आणि टळटळीत दुपारी आमच्या गल्लीत शिरली. पोरं झेंडूची फुलं घेऊन रांगेत उभी होती. पाहुणे उतरले, हसरे, उंच, घामानं लाल झालेले. प्रत्येकाच्या पाठपिशवीला एक छोटी रंगीत बाटली रबराच्या आकड्यानं लटकत होती. मला वाटलं, किल्ल्यांना लावतात तशी काही शोभेची वस्तू असेल. त्यांनी पोरांशी हात मिळवले, गालाला गाल लावून फोटो काढले, आणि मग एकेक जण जरा बाजूला होऊन, पाठ करून, बाटली दाबून हात चोळायला लागला. ते लपवायचे, हेच सगळ्यांत वाईट होतं. उघड चोळले असते तर मला काही वाटलं नसतं.

पोरांना तो खेळ वाटला. वॉचमनच्या धाकट्यानं हात पुढे केला, मेगन नावाच्या मुलीनं हसून त्यावर थेंब टाकला, आणि मग सगळीच पोरं तळहात पसरून उभी. दिवसभर आपापले हात हुंगत फिरत होती. "पाळकीणबाई, वास घ्या ना, वास घ्या!" आईनं प्रत्येकाचा वास घेतला. म्हणाली, "वा! अत्तरच लावलंय जणू."

त्यांनी आमची भिंत रंगवली. ती मागच्याच नाताळला रंगवलेली होती, पण पाहुण्यांना काहीतरी करायला हवं म्हणून पपांनी ती दाखवली. त्यांनी पोरांना हातवारे करून म्हणायची गाणी शिकवली. नाल्याचे फोटो काढले, त्या आठवड्यात तो निळा होता. एक मुलगा आमच्या मोरीसमोर उभा राहून रडला. का रडतोस, असं मी विचारलं, तर म्हणाला, तुम्ही एवढ्याशात किती आनंदी आहात. मी ते आईला मराठीतून सांगितलं नाही. मोरीत ती पहाटेपासून तेरा माणसांची भांडी घासत बसली होती आणि तिच्या तोंडावर आनंद वगैरे काही नव्हता.

तिसऱ्या दिवशी आईनं पुरणपोळ्या केल्या. तिखट चालत नाही, म्हणून गोड. संध्याकाळी मी कचरा टाकायला मंदिरामागे गेले, तर पाण्याच्या ड्रमच्या आडोशाला पांढऱ्या कागदी रुमालांच्या पुड्या रचून ठेवलेल्या. नीट, कोपरे दुमडून. एक उघडली. घास न मोडलेली अख्खी पोळी, तिच्यावरचं तूप कागदात शिरलेलं. मी सगळ्या उघडून पाहिल्या. मला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा किळस नावाची गोष्ट कळली. उलटी येईल इतकी. पाहुण्यांची आली, त्यांच्या त्या नीट दुमडलेल्या कोपऱ्यांची आली. पोळ्या मी गल्लीतल्या कुत्र्यांना घातल्या.

घरात आल्यावर आईनं विचारलं, "आवडल्या का गं त्यांना?"

"खूप."

म्हणून तिनं दोन दिवसांनी पुन्हा केल्या. माझ्या एका शब्दापायी ती बाई मार्चच्या उकाड्यात दुसऱ्यांदा पुरण वाटत बसली, आणि मी समोर बसून प्रमेयं पाठ करत होते.

*

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. इथे थांबले असते तर मला मार्चमध्ये मळमळलं नसतं, नुसता राग आला असता, आणि राग काय, पाण्याच्या लाइनीत दोन शिव्या दिल्या की उतरतो.

पाचव्या दिवशी मेगननं मला एक बाटली दिली. गुलाबी, स्ट्रॉबेरीची, रबराच्या आकड्यासकट. ती सोळा वर्षांची, मी पंधरा. तिला माझं इंग्रजी आवडायचं, माझे केस आवडायचे. ती मला म्हणाली की तू इथल्यांसारखी नाहीस. आज कुणी असं म्हटलं तर मी त्याला जिना दाखवीन. तेव्हा मी ते वाक्य रात्री पांघरुणात घेऊन झोपले. बाटली शाळेच्या दप्तराला लटकवली.

आणि मला दिसायला लागलं. आई भाजी ढवळताना तळहातावर रस घेऊन चाटते आणि तोच हात पदराला पुसते. कणकेचा हात न धुता दार उघडते. शेंबड्या पोराचं नाक स्वतःच्या बोटांनी शिंकरवते. नखांतली ती पिवळी हळद. आजवर या सगळ्याला मी आई म्हणत होते. आता ते एकेक सुटं होऊन दिसत होतं, आणि प्रत्येकावर ती बाटली दाबावीशी वाटत होती.

परीक्षेच्या दिवसांत मी वाचत बसले की ती मागून यायची आणि पोळीभाजीचा घास माझ्या तोंडाशी धरायची. मला पानावरून नजर काढायची गरज नसे, तोंड आपोआप उघडायचं. त्या संध्याकाळी मी मान मागे घेतली.

"चमच्यानं दे ना."

ती हसली. "पोळी चमच्यानं? परीक्षेनं डोकं फिरलंय हिचं." चमचा आणून माझ्या ताटलीत ठेवला आणि गेली.

शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांचा पुढारी पपांकडे आला. मऊ आवाजाचा, सभ्य माणूस. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. तो म्हणाला, आमच्यासाठी वेगळे छोटे पेले वापरता येतील का, आम्ही आणलेच आहेत. प्लास्टिकचे, अंगठ्याएवढे, खोकं भरून. हे पपांना मराठीत सांगायचं काम माझं.

"पपा, त्यांना वेगळे पेले हवेत."

पपांनी खोक्यातला एक पेला उचलून पाहिला. "का, ते विचार."

मी विचारलंच नाही. मीच सांगितलं, "स्वच्छता, पपा. एकमेकांचं उष्टं पिणं बरं नसतं."

पपांनी टक्कलावरून हात फिरवला. ते भित्रे नव्हते. गुंडांच्या गल्लीत जाऊन दारू सोडायला सांगणारा माणूस तो. पण गोऱ्या पाहुण्यांपुढे त्यांचा कणा नेमका कुठे जायचा कोण जाणे. "पाहुणे आहेत. पोट बिघडलं तर जबाबदारी कुणाची?" असं स्वतःशीच म्हणाले आणि खोकं ठेवून घेतलं. आई मनुका निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "त्यांना सवय नसते. त्यांचंही खरंच आहे."

आज लॅबमध्ये बसणारी मी शपथेवर सांगेन की त्यांचं शास्त्र चुकीचं नव्हतं. एका पेल्यातून काय काय पसरू शकतं याची यादी मी झोपेत म्हणेन. पणजोबांवर वरून धार सोडणाऱ्यांनाही आपलं शास्त्रच वाटत असणार, हेही मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की हा विषय मी किती छान इंग्रजीत हाताळला.

*

रविवारी मंदिर गच्च भरलं होतं. पाहुणे पुढच्या दोन ओळींत. मी दुभाषी म्हणून मेगनच्या शेजारी, त्यांच्या बाजूला. समोरच्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली पितळी पेला आणि त्याच्या शेजारी स्टीलच्या तबकात प्लास्टिकचे इवले पेले, दोन्हींत आईनं कुस्करलेल्या मनुकांचाच रस. एका छपराखाली दोन पाणवठे. आमच्या लोकांनी ते पाहिलं. जीन्स शिवणारे, वॉचमन, दोन्ही नर्सबाई, सगळे पुढ्यात बघत बसले. त्या माणसांना हे नवीन थोडंच होतं.

तबक पाहुण्यांत फिरलं. एका मुलाचं पोट बिघडलं होतं, तो बसमध्ये झोपला होता, म्हणून एक पेला उरला. मेगननं तो माझ्याकडे सरकवला. मी घेतला. कुणी जबरदस्ती केली नाही, घाई नव्हती, मी विचार करून घेतला. अंगठ्याएवढा घोट होता, घशापर्यंतही पोचला नाही. जिभेला प्लास्टिक लागलं.

पितळी पेला पुरुषांतून बायकांत आला. आई शेवटची. ती प्यायली, रुमालानं कड पुसली, पेला जरासा फिरवला. मग पुन्हा पुसली. दोनदा पुसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझी जागा तिच्या शेजारी नसल्यामुळे ती उठली, मधली मोकळी जागा ओलांडून माझ्यापर्यंत आली, आणि दोन्ही हातांनी पेला माझ्यापुढे धरला. नवी कल्हई आत चकाकत होती. कडेवर तिची बोटं, बोटांना हळद.

मी तिला माझा रिकामा प्लास्टिकचा पेला दाखवला. असा, दोन बोटांत धरून, वर करून. माझं झालंय, या अर्थानं.

ती तशीच उभी राहिली. पेटीवर कुणी नव्हतं, कारण पेटी वाजवणारी माझ्यासमोर उभी होती. मग ती वळली आणि पेला पपांच्या हातात दिला. पपांनी उरलेला रस संपवला, नेहमीपेक्षा एक घोट जास्त उरला होता.

दुपारी मी मागच्या खोलीत पाहिलं, तर आई ते तेरा प्लास्टिकचे पेले धूत बसली होती. फेकायचे असतात ते, असं मी म्हणाले. "असू देत. स्वच्छ आहेत," ती म्हणाली, आणि खिडकीत ओळीनं पालथे घातले. तेवढ्यात प्रज्ञाआत्या मागच्या दारानं वाटीभर दही मागायला आल्या. त्यांनी पेले पाहिले, पाणी निथळणारे आईचे हात पाहिले, मग पडवीत मला गाठलं. त्यांना गल्लीत कुणीतरी आधीच सांगितलेलं असणार.

"काय गं सुवे, एवढी इंग्लिश मीडियमला घातलेली तुला. काय शिकलीस? आमच्या आजीला गावात वरून पाणी ओतायचे लोक. शिवी नाय दिली कधी तिनं त्यांना, म्हणायची परक्यांचं काय मनाला लावून घ्यायचं." त्यांचा आवाज खाली गेला. "पण तिच्या पोटच्या पोरीनं तिचं भांडं नाय नाकारलं कधी."

मी म्हणाले, "आत्या, माझा उद्या भूमितीचा पेपर आहे."

हे वाक्य मी आजही कधीकधी आरशासमोर म्हणून बघते. यापेक्षा घाणेरडं वाक्य मी दुसरं बोललेली नाही.

*

सोमवारी मी पेपर देऊन आले तेव्हा पाहुण्यांची बस निघत होती. सगळे रडत होते. मेगननं आईला मिठी मारली, चांगली घट्ट, आणि आई तेव्हा स्वयंपाकातून धावत आली होती, त्यामुळे मेगनच्या पांढऱ्या टी-शर्टवर पाठीमागे हळदीची पाच बोटं उमटली. मी वाट पाहत होते. आता ही बाजूला होईल, पाठ करेल, बाटली दाबेल. तिनं नाही दाबली. विसरली असेल, किंवा बाटली संपली असेल. ती पाच बोटं पाठीवर घेऊन बसमध्ये चढली, आणि मला तिचा मनापासून राग आला. तिनं हात चोळले असते तर मला सोबत तरी झाली असती.

खोकं पाहुणे इथेच ठेवून गेले, त्यात शेकडो पेले होते. पुढच्या महिन्यात वॉचमनची बायको म्हणाली, पाहुण्यांना चालतं मग आम्हाला का नको, आम्ही काय घाण आहोत? सगळ्यांनाच छोटे पेले सुरू झाले. लवकर उरकतं, सांडत नाही. कोरोनानंतर तर कुणी तो विषयही काढत नाही. आता पपा निवृत्त झालेत, कानानं कमी ऐकतात, आणि पितळी पेला त्यांच्या कल्याणच्या घरी काचेच्या कपाटात आहे. कल्हई उडालीय.

आई अजून मजबूत आहे. दर शनिवारी डबा घेऊन माझ्याकडे डोंबिवलीला येते. आल्याआल्या बेसिनशी जाते, हात धुते, आणि डबा उघडताना म्हणते, "हात धुतलेत हं." पोळीचा तुकडा पुढे करताना म्हणते, संत्र्याची फोड देताना म्हणते, गोळी तोडून देताना म्हणते. काही बायका बोलताना मधेमधे 'बरं का' म्हणतात, तशी ही 'हात धुतलेत हं' म्हणते. लॅबच्या पोरींना मी तिची नक्कल करून दाखवते, ओले हात उंच धरून. पोरी हसून लोळतात.

परवा केंद्रावरून आले तेव्हा शनिवार होता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. आई आली, बेसिनशी गेली, ताक घुसळलं, मऊ भात कालवला, आणि घास करून माझ्यापुढे धरला. हात माझ्यापासून वीतभर लांब थांबला. तो नेहमीच तिथे थांबतो, मी चमचा घेते की तोंड उघडते ते बघायला. हे मला इतक्या वर्षांत परवा पहिल्यांदा दिसलं.

"हात धुतलेत हं," ती म्हणाली.

मी हिशेब करत राहिले, माझ्या लहानपणी ती असं म्हणायची का. मनुकांचा चोथा भरवताना काही म्हणायची नाही. डोक्याला तेल लावून त्याच हातानं लाडू द्यायची, तेव्हाही नाही.

"आई, हे तू कधीपासून म्हणायला लागलीस?"

"काय?"

"हात धुतलेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मला काय आठवतंय? म्हणतच आले असेन. तुला आवडतं ना स्वच्छ."

मला रडू आलं, आणि रडताना मी जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलून गेले. "आई, एकदा न धुता दे ना."

"वेडी कुठली." ती हसली. घास ताटलीत परत ठेवला, स्वतःचे तळहात उलटसुलट करून उजेडात पाहिले. मग उठून बेसिनशी गेली आणि पुन्हा हात धुवायला लागली, साबण लावून, कोपरापर्यंत.